क्षणभराच्या सुरांवरून

दूरध्वनीवरून पलीकडच्या माणसाने 'हॅलो' एवढा एकच शब्द उच्चारला, तरी मामा बोलत आहे की शाळेतले गुरुजी बोलत आहेत, हे आपल्याला विचारावे लागत नाही. नाव सांगण्यापूर्वीच ओळख पटलेली असते. ती कशी पटली असे कोणी विचारले, तर मात्र आपण गोंधळतो. 'आवाजावरून' यापलीकडे उत्तर सुचत नाही. आवाजात असे काय असते आणि इतक्या थोड्या वेळात ते कानाला कसे गवसते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. संगीताच्या शौकिनांचा एक खेळ आहे. त्याच्याकडे नीट पाहिले, तर या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

हा खेळ पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या श्रोत्यांचा आहे. १९४८ साली दीर्घकाल वाजणारी तबकडी निघाली आणि वीसएक मिनिटांचे संगीत तिच्या एका बाजूवर मावू लागले. अशा तबकड्या हाताशी आल्यावर संगीतविद्यालयांतील परीक्षक तबकडीवर मध्येच कोठेतरी सुई टेकवीत, काही सेकंदांनी ती उचलीत, आणि विद्यार्थ्याने रचनाकाराचे व रचनेचे नाव सांगावयाचे असे. आज तबकडीची जागा संगणकाने घेतली आहे आणि परीक्षेचा खेळ झाला आहे. एकमेकांना कधीही प्रत्यक्ष न भेटलेले शौकीन आंतरजालावर जमतात. त्यांतील एकजण एखाद्या सिंफनीचा किंवा सोनाट्याचा चार-पाच सेकंदांचा तुकडा सर्वांना ऐकवितो, आणि बाकीचे तर्क लढवितात. ज्याला ओळखता आले, त्याने पुढचा तुकडा द्यावयाचा. नाव सांगणाऱ्या यंत्राची मदत घेणे अर्थातच गैर मानले जाते. या यंत्राविषयी पुढे सांगावयाचे आहे.

चार-पाच सेकंद हा वेळ अगदीच अपुरा वाटेल; पण कानाच्या दृष्टीने तो चांगलाच दीर्घ आहे. १९९९ साली शेलेनबर्ग, आयव्हर्सन व मॅकिनन या संशोधकांनी लोकप्रिय गीतांच्या ध्वनिमुद्रणांतून सेकंदाच्या पाचव्या आणि दहाव्या भागाएवढे तुकडे कापले व श्रोत्यांना ऐकविले. गीतांची नावे श्रोत्यांसमोर होती; कोणता तुकडा कोणत्या गीताचा, एवढेच जुळवावयाचे होते. सेकंदाच्या पाचव्या भागावरून श्रोत्यांनी गीते बऱ्यापैकी ओळखली. दहाव्या भागावरूनही त्यांची उत्तरे नुसत्या अंदाजापेक्षा सरस ठरली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅरल क्रुमहान्सल या संशोधिकेने नावांची यादी न देताच ४०० सहस्रांश सेकंदांचे तुकडे ऐकविले, तेव्हा चारातून एकाहून अधिक वेळा श्रोत्यांनी गायकाचे व गीताचे नाव बिनचूक सांगितले. डोळ्याची पापणी लवावयास यापेक्षा फारसा कमी वेळ लागत नाही.

सेकंदाच्या दहाव्या भागात चाल कोठून येणार? तेवढ्यात फार तर एखादा स्वर कानावर पडतो. तेव्हा या श्रोत्यांनी जे ओळखले ते चालीवरून नव्हे, हे उघड आहे. १९९९ च्या प्रयोगाचा दुसरा भाग येथे उपयोगी पडतो. तोच दहाव्या भागाचा तुकडा उलटा वाजविला, किंवा त्यातील उंच कंपनसंख्येचे ध्वनी गाळून टाकले, की श्रोत्यांची ओळखण्याची शक्ती नाहीशी होई. खालचे ध्वनी गाळले तर काहीच बिघडत नसे. याचा अर्थ असा की, कान त्या अल्प काळात ध्वनीची घडण आणि ती क्षणोक्षणी कशी पालटते हे टिपत होता.

आपल्याकडील संगीताच्या पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात: लहानमोठेपणा, उंची आणि जाती. व्हायोलिन आणि बासरी यांवर एकच स्वर एकाच जोराने वाजविला, तरी दोन्ही वाद्ये वेगळी ऐकू येतात, ते नादाच्या जातीमुळे. कोणत्याही स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे सूक्ष्म स्वर उमटत असतात, आणि त्यांचे परस्परप्रमाण वाद्यागणिक बदलते, हे कारण आपण शाळेत शिकलेलो असतो. पण ते अपुरे आहे. स्वराचा जन्म कसा झाला, यालाही तितकेच महत्त्व आहे. पियानोची हातोडी तारेवर आपटते तो पहिला क्षण, गज तारेला भिडताना होणारी खरखर, तुतारीत शिरणाऱ्या श्वासाचा धक्का, या गोष्टी सेकंदाच्या काही शतांश भागांत संपतात; परंतु वाद्याची ओळख मोठ्या अंशी त्यांतच दडलेली असते. पियानोवादनाचे ध्वनिमुद्रण उलट्या दिशेने वाजवून पाहावे. स्वर तेच, त्यांतील सूक्ष्म स्वरही तेच, पण पियानो नाहीसा होतो आणि कोणी हार्मोनियम वाजवीत आहे असा भास होतो. हा प्रयोग करून पाहण्यास संगणकावरील साधी सामग्री पुरते.

तुकडा ओळखावयास बसलेल्या रसिकाच्या मनात पहिल्या क्षणी घडते ते हेच. हार्पसिकॉर्डची तार छेडल्याचा आवाज आला की, त्याचे मन बहुधा १७५० च्या मागेपुढे जाते. शिंगवाद्यांचा मोठा ताफा आणि त्यामागे गर्द तंतुवाद्ये ऐकू आली की, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरते. अजून एकही चाल ओळखलेली नसते. पण शतक ठरते, कधी देशही ठरतो. व्हाग्नरची 'ट्रिस्टान उंड इझोल्ड' ही संगीतिका १८६५ साली म्यूनिकच्या रंगभूमीवर आली. तिच्या आरंभी एकटे चेलो चार स्वर वाजवितात आणि चौथ्या स्वरावर फुंकवाद्यांचा एक चमत्कारिक स्वरसंघात उमटतो. तो स्वरसंघात कानी पडताच जाणकार नाव सांगून मोकळा होतो. गंमत अशी की, हेच चार स्वर बेथोव्हेनच्या १८०२ मधील एका पियानो-सोनाट्यात एकत्र येऊन गेलेले आहेत. ते ऐकून कोणालाही व्हाग्नरची आठवण होत नाही. स्वर ओळखीचे असून चालत नाही. ते कोणाच्या मुखातून आले आणि त्यांच्या आधी काय घडले, हेही जुळावे लागते.

यानंतर चालीची पाळी येते, आणि येथे स्मरणशक्तीचा खरा कस लागतो. चाल पट्टी बदलून गायिली तरी तीच राहते. काळी एकमध्ये गायिलेली आरती काळी चारमध्ये गायिली म्हणून कोणी ती परकी मानीत नाही. म्हणजे आपण स्वर लक्षात ठेवतो असे म्हणण्यापेक्षा स्वरांमधील अंतरे लक्षात ठेवतो, असे म्हणणे अधिक बरोबर होय. या तत्त्वाचा उपयोग करून बार्लो व मॉर्गनस्टर्न या दोघांनी १९४८ साली संगीतातील चालींचा एक कोश अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १०,००० चाली आहेत. प्रत्येक चाल एकाच पट्टीत आणून तिचे स्वर अक्षरांनी लिहावयाचे आणि शब्दकोशाप्रमाणे अक्षरांच्या क्रमाने लावावयाचे, अशी त्यांची योजना होती. डोक्यात घोळणाऱ्या चालीचे नाव आठवत नसेल, तर माणूस कोश उघडून ते शोधू शके. अडचण एवढीच की, शोधणाऱ्याला स्वरज्ञान हवे.

ती अडचण डेनिस पार्सन्स याने १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सूचीत ज्या युक्तीने दूर केली, ती मला या विषयातील सर्वांत सुंदर युक्ती वाटते. त्याने स्वर आणि त्यांमधील अंतरे दोन्ही सोडून दिली. पुढचा स्वर आधीच्या स्वरापेक्षा वर गेला, खाली गेला, की तोच राहिला, एवढेच लिहावयाचे. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा जगप्रसिद्ध आरंभ घ्या. ही सिंफनी १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नामध्ये प्रथम वाजविली गेली. तीन आखूड स्वर आणि त्यांखालचा एक लांब स्वर. पुन्हा तीन आखूड, पुन्हा खाली एक लांब. पार्सन्सच्या पद्धतीने ते असे होईल: पहिला स्वर, मग तोच, तोच, खाली, वर, तोच, तोच, खाली. एवढ्या ओबडधोबड वर्णनावरून हजारो चालींतून एक निवडता यावी, हे प्रथम खरे वाटत नाही. पण हिशेब करून पाहावा. प्रत्येक पायरीला तीन शक्यता, आणि पार्सन्स पंधरा पायऱ्या लिहीत असे. तीनचा पंधरावा घात १,४३,४८,९०७ होतो. एवढ्या जागा असलेल्या फडताळात दोन चाली एकाच खणात येण्याचा संभव फार थोडा उरतो. अपुऱ्या खुणा, पण पुष्कळ एकत्र. आपले मनही बहुधा असेच काही करीत असावे.

खेळातले फसवे तुकडेही येथेच सापडतात. मोट्सार्टने बारा वर्षांचा असताना, म्हणजे १७६८ साली, 'बास्टियाँ उंड बास्टिएन' ही छोटी संगीतिका लिहिली. तिच्या नांदीवादनाचा आरंभ आणि बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीतील चेलोंची पहिली चाल शेजारी ठेवली, तर दोन्ही जवळजवळ एकच वाटतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर दोघेही सा, ग, प या तीन स्वरांवरून खालीवर झुलतात. चोरीचा संशय घ्यावयाचे कारण नाही. या तीन स्वरांवर चाल बांधणे त्या काळी नित्याचे होते. भेद पुढे कळतो. मोट्सार्टची चाल निमूटपणे आपल्या मार्गाने जाते. बेथोव्हेनचे चेलो मात्र तिसऱ्या सिंफनीच्या सातव्याच आवर्तनात कोमल निषादाच्या जागी असलेल्या एका परक्या स्वरावर उतरतात, आणि सारे आकाश क्षणभर झाकोळते. तुकडा त्या स्वराच्या अलीकडे कापला तर भलेभले चकतात. पलीकडे कापला तर चकण्यास जागा उरत नाही.

अंतरे महत्त्वाची, पट्टी नव्हे, असे वर म्हटले. पण ते सर्वस्वी खरे नाही. १९९४ साली डॅनियल लेव्हिटिन याने विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीची ध्वनिमुद्रित गीते वाद्याच्या साथीवाचून गावयास सांगितले. प्रत्येकाने दोन प्रयत्न केले. त्यांपैकी सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांनी निदान एकदा मूळ ध्वनिमुद्रणाच्याच पट्टीत गीत धरले. हे काही निवडक संगीतज्ञ नव्हते. सामान्य माणसाच्या स्मरणातही स्वराच्या खऱ्या उंचीचा ठसा राहतो, असे यावरून दिसते. खेळातल्या काही मुरलेल्या श्रोत्यांची मदार याच ठशावर असते, आणि तोच त्यांना फसवितोही. बाखच्या काळच्या पद्धतीची वाद्ये वाजविणारे वाद्यवृंद 'ए' हा स्वर ४४० ऐवजी पुष्कळदा ४१५ कंपनांना लावतात. त्यामुळे सारी रचना सुमारे अर्ध्या स्वराने खाली येते, आणि पट्टीवरून नाव शोधणारा भलत्याच फडताळात हात घालतो.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हा सारा व्यवहार परका वाटू नये. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. तरी गवयाने धैवतावर जरा ठाशीव मुक्काम केला, उत्तरांगात एखादी जागा घेतली, की श्रोता 'देशकार' असे मनाशी म्हणतो. गंधाराकडे ओढ दिसली की भूप. पार्सन्सची युक्ती येथे अजिबात चालावयाची नाही. पाश्चात्त्य रचना लिहून ठेवलेली असते, म्हणून तिचा माग चालीच्या वळणांवरून काढता येतो. रागाची खूण स्वरांच्या वजनात, मुक्कामात आणि लगावात असते.

आता या खेळातील एक नित्याचा प्रसंग. कोणालाही तुकडा ओळखता येत नाही. शेवटी देणारा नाव सांगतो. आणि सगळे एकदम म्हणतात, 'अरे, हे तर उघड होते!' हा बहाणा नव्हे. १९७२ साली डायना डॉइच हिने 'यँकी डूडल' ही अमेरिकेत पोराबाळांना ठाऊक असलेली चाल घेतली, आणि तिचे स्वर तेच ठेवून प्रत्येक स्वर वाटेल त्या सप्तकात टाकला. ऐकणाऱ्यांना चाल ओळखता येईना. पण कोणती चाल आहे हे आधी सांगितले, की तिचा माग लागू शके. पुढच्याच वर्षी डाउलिंग याने दोन परिचित चालींचे स्वर एकाआड एक गुंफून ऐकविले. दोन्ही चाली एकाच सप्तकात असल्या की कानाला नुसता गोंधळ ऐकू येई. मात्र एकीचे नाव कळले, की ती त्या गोंधळातून वेगळी काढता येई. ऐकणे म्हणजे कानात आलेले मुकाट्याने स्वीकारणे नव्हे. मन आधी एक तर्क बांधते आणि ध्वनी त्याच्याशी ताडून पाहते; नाव मिळाले की तर्क आयता मिळतो.

नावाच्या अंगी हे सामर्थ्य असेल, तर खोटे नावही तेच काम करणार. फ्रिट्झ क्राइसलर हा थोर व्हायोलिनवादक वर्षानुवर्षे आपल्या मैफलींत व्हिवाल्डी, पुन्यानी, कूपराँ अशा जुन्या रचनाकारांच्या नावाने छोट्या रचना वाजवीत असे. १९३५ साली त्याने सांगून टाकले की, त्या आपण स्वतःच लिहिल्या आहेत. काही समीक्षक रागावले, पुष्कळांनी हसून घेतले. तोपर्यंत श्रोत्यांनी त्या रचनांत अठरावे शतकच ऐकले होते.

दुसरा प्रसंग इतका निरुपद्रवी नाही. जॉइस हॅटो ही इंग्लिश पियानोवादिका २००६ साली वारली. तिने पुष्कळ वर्षे जाहीर मैफलीत वाजविले नव्हते. परंतु अखेरच्या काळात तिच्या नावाने शंभराहून अधिक ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या होत्या. आजारी, वृद्ध स्त्रीने एकांतात एवढे प्रचंड काम केले, याचे रसिकांना आणि समीक्षकांना कौतुक वाटले, आणि त्या वादनाची मोठी स्तुती झाली. २००७ च्या फेब्रुवारीत एका श्रोत्याने तिची लिस्टच्या बारा कठीण अभ्यासरचनांची तबकडी आपल्या संगणकात घातली. संगणकाने वादकाचे नाव दाखविले ते लास्लो सिमॉन. शोध घेतला तेव्हा त्यांपैकी बहुतेक रचना खरोखरच सिमॉनच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या निघाल्या. एकामागून एक इतरही तबकड्या दुसऱ्यांच्या ठरल्या, आणि त्या प्रसिद्ध करणाऱ्या तिच्या पतीने कबुली दिली. काही ठिकाणी वादनाची गती किंचित बदलून खुणा पुसण्याचा प्रयत्न केलेला होता. त्याच सुमारास लंडनमध्ये शोपँच्या माझुर्का या नृत्यरचनांच्या अनेक ध्वनिमुद्रणांतील ठेके मोजण्याचे काम काही संशोधक स्वतंत्रपणे करीत होते. हॅटोच्या नावावरील माझुर्का आणि यूजीन इंजिक या पियानोवादकाच्या माझुर्का यांचे आकडे हुबेहूब जुळल्याचे त्यांना आढळले. कोणताही माणूस दुसऱ्याच्या प्रत्येक ठेक्याचा कालावधी इतका तंतोतंत उचलू शकत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिली शंका ज्या संगणकाने उपस्थित केली, त्याने एकही स्वर ऐकलेला नव्हता. तबकडीवर किती रचना आहेत आणि प्रत्येकीची लांबी किती, एवढे आकडे त्याने एका मोठ्या सूचीशी ताडले. ऐकून नाव सांगणारी यंत्रे निराळी आहेत. २००२ साली ब्रिटनमध्ये 'शझॅम' ही सेवा सुरू झाली. भ्रमणध्वनीवरून २५८० हा क्रमांक फिरवून तो वाजणाऱ्या संगीतासमोर धरला, की गीताचे नाव कळे. तिचे तंत्र एव्हरी वँग याने २००३ साली प्रसिद्ध केले. यंत्र ध्वनीच्या आलेखातील सर्वांत ठळक बिंदू निवडते, जसे रात्रीच्या आकाशातील तेजस्वी तारे निवडावेत, आणि त्या बिंदूंच्या जोड्यांची परस्पर अंतरे आपल्या साठ्यात शोधते. गर्दीतला गोंगाट त्याला फारसा अडवीत नाही. परंतु या पद्धतीला ओळखता येते ते एक विशिष्ट ध्वनिमुद्रण. तीच सिंफनी दुसऱ्या वाद्यवृंदाने जरा निराळ्या गतीने वाजविली, तर या पद्धतीच्या दृष्टीने ती वेगळीच वस्तू होते. चाल गुणगुणली असता रचनेचे नाव सांगणारी यंत्रे पुढे निघाली. पण त्यांचे तंत्र निराळे आहे, ते चालीच्या वळणाकडे पाहते.

माणसाच्या कानाचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य एकाच ठिकाणी आहे. शंभर वादकांनी शंभर तऱ्हांनी वाजविलेली रचना एकच आहे हे कळावे, म्हणून मन त्या शंभर तऱ्हा बाजूला सारते. हॅटोच्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी लिस्टची रचना अचूक ओळखली होती. वादक कोण, हे त्यांनी वेष्टनावर वाचले होते.

ग्रंथालयात किंवा शाळेत हा खेळ मांडावयाचा असल्यास फार सामग्री लागत नाही. एकाने एकाच रचनेची तीन वेगवेगळ्या वादकांची ध्वनिमुद्रणे मिळवावीत, आणि प्रत्येकातून तोच दहा सेकंदांचा भाग निवडावा. एका ध्वनिमुद्रणाचा भाग दोनदा, असे एकूण चार तुकडे वेष्टन न दाखविता ऐकवावेत, आणि त्यांतील कोणते दोन एकाच वादकाचे आहेत हे प्रत्येकाने कागदावर लिहावे. मग तुकड्यांचा क्रम बदलावा, प्रत्येकाला एखाद्या प्रख्यात वादकाचे खोटे नाव द्यावे, आणि कोणते वादन अधिक आवडले हे विचारावे. खरी नावे अगदी शेवटी, सर्व कागद गोळा झाल्यावर सांगावीत.